सुतावरून

झ्लीनच्या टेकडीवर, जुन्या स्टुडिओच्या तळघरात
आठ आठवडे मी एक दोरा पुसते आहे.
चंद्रावर निघालेलं यान त्या दोऱ्याला टांगलंय.
यान म्हणजे दुधाचा उलटा कॅन,
शेपटीला तीन चमचे ठोकलेले,
खिडक्यांच्या जागी कोटाची बटणं.
सेकंदाला चोवीस चित्रं,
प्रत्येकात दोरा केसभर सरकतो
आणि त्याच्या मागे मी, माउस घेऊन.

वरून यादी आली आहे.
दोरा काढा.
धूर बदला, तो पीठ वाटतो.
(तो पीठच आहे. राईचं, कँटीनमधून मागून आणलेलं.)
स्फोटात खरी वाटेल अशी आग घाला.
चंद्राचे खड्डे नीट जागेवर पाडा,
आता ते कुठे आहेत हे आपल्याला माहीत आहे.
आजची मुलं हसतात, असं संचालक वाव्रा म्हणतात.
हसली तर बिघडलं काय, असं मी विचारलं नाही.
पगार दहा तारखेला होतो.

कॅनवाला माणूस ओल्ड्रिख हानाक.
त्याची मुलगी यार्मिला अजून खाली नदीकाठी राहते.
मी फोन केला. वाटलं, चिडेल,
बाबांच्या कामाला हात लावू नका म्हणेल,
ते मी वर पोचवीन, आणि सुटेन.

ती हसली.
अगं, बाबा रात्र रात्र बसून
त्या दोऱ्याला बुटांचं काळं पॉलिश लावायचे.
बुटांचंच गाव हे, पॉलिशला काय तोटा!
घरी आले की पावावर बोटांचे ठसे उठायचे.
दोरा दिसू नये म्हणून डोळे घालवले त्यांनी,
आणि तू मला विचारतेस, राहू देऊ का?

मग मी कपाटातली जुनी प्रिंट काढली,
ओरखड्यांनी भरलेली, व्हिनेगरसारखा वास येणारी,
आणि जुन्या प्रोजेक्टरवर चढवून भिंतीवर पाहिली.
दोरा नव्हता.
त्या दाणेदार अंधारात तो कुठल्या कुठे विरला होता
आणि दुधाचा कॅन अधांतरी, जड, थोडा थरथरत
चंद्राकडे चालला होता.
सुतावरून चंद्र गाठला होता हानाकने, आणि सूत गिळूनही टाकलं होतं.
ते उकरून काढलं आमच्या स्कॅनरने.

तेव्हा दोरा काढते आहे. मनाला काही लागत नाही.

पीठ मात्र
भिंतीवरही पीठच होतं.
फार लवकर खाली बसतं ते,
आणि एक ढग उगीच डावीकडे वळतो,
कारण कुणीतरी दार उघडलं असणार,
बाहेर फेब्रुवारी असणार,
आणि चंद्रावर वारा सुटला.

नवी आग तयार आहे, एका बटणावर.
देखणी आहे. तिचं काही चुकत नाही.
कॅनच्या बुडाशी तिचा उजेडही पडतो,
पण अंतराळवीराच्या तोंडावर पडत नाही.
तो बिचारा नट अठ्ठावन्न साली
पिठाकडे बघून दचकला होता, मनापासून,
आणि त्याच्या पापणीवर थोडं पीठ आहे.
आता ते कशाचं म्हणायचं?

वाव्रा उद्या येतील. त्यांना काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.
खड्ड्यांचं तर मी उघडूनही पाहिलेलं नाही.

संध्याकाळी यार्मिलाचाच फोन.
इतकं स्वच्छ दिसतंय म्हणालीस ना,
मग शेपटीचे चमचे बघ.
एकावर द्राक्षाचा वेल आहे का, दांड्यावर?

मी चित्र मोठं केलं. आणखी मोठं.
डावीकडच्यावर आहे. पाच पानं.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाली,
आईनं त्याच्यासाठी अख्खं घर पालथं घातलं होतं.
कामवालीला काढून टाकलं होतं.